तवसं, नारळ आणि पाहुणे मास्तर

आमच्या आणि शेजारच्या काकींच्या घरांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा आहे. कमरेएवढा. आणखी दोन हात उंच बांधला असता, तर दोन्ही घरांतली कामं वेळेवर झाली असती. श्रावण सरत आला की गडग्यावर शेवाळ चढतं, शेवाळावर तवशीचा, म्हणजे आमच्या मोठ्या काकडीचा, वेल चढतो आणि वेलाआडून काकी उगवतात.

“बाई, ह्या तवसा मी माटयेक ठेवलंय हां. कोशिंबिरीचो विचार मनात आणू नकात.”

वेल माझा, तवसं त्यांचं. गणपतीवरच्या माटवीला बांधायचं म्हटल्यावर मी काय बोलणार? पण काकी तवशासाठी आल्या नव्हत्या. त्यांच्या हातात सूप होतं आणि सुपात तांदळाचा एक दाणा नव्हता. काकी रिकामं सूप घेऊन आल्या की पोटात बातमी भरलेली असते.

“ऐकलास मां? हायस्कुलात दशावतारी इलो. मास्तर म्हणान.”

“पाहुणे शिक्षक म्हणून आलेत ते,” मी म्हटलं. निवृत्त झाले तरी शाळेची बातमी मला आधी कळायला हवी, असा माझा एक समज आहे. “२०२० च्या शैक्षणिक धोरणातच आहे तसं. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय गावातल्या सुताराकडे, कुंभाराकडे, कलाकाराकडे…”

“धोरण रवांदे. तो खंयचो पार्ट करता, ठावक असा तुमका?” काकींनी मागेपुढे पाहिलं. मागे केळ होती, पुढे मी. “बायलेचो!”

आता दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, हे काकींना मी सांगायला नको. लग्न होऊन या गावात आल्यापासून एक जत्रा त्यांनी चुकवलेली नाही. पाठीला घोंगडं लावून, पहाटेपर्यंत जागून, वनवासात निघालेल्या राणीच्या दुःखात पदर भिजवून त्या घरी येतात. ती राणी म्हणजे हाच गृहस्थ.

“काकी, जत्रेत तुम्ही त्यांच्याबरोबर रडता. वर्गात आले तर काय बिघडलं?”

“जत्रा येगळी, शाळा येगळी,” त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले. एवढ्या थोडक्यात हे कुठल्याही परिपत्रकाला सांगता आलं नव्हतं.

*

खरं सांगायचं तर मी जाऊन बघून आले होते. ‘सहज’ गेले होते. निवृत्त शिक्षिका शाळेत जाते ती सहजच जाते.

गृहस्थ मोटारसायकलवरून आले. मागे पेटारा बांधलेला, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, पावसापासून जपायला. मुलांना वाटलं होतं, आता भाषण होणार. ‘दशावतार ही आपली समृद्ध परंपरा’ वगैरे. त्यांनी एक अक्षर काढलं नाही. खिडकीच्या गजाला हातभर आरसा अडकवला, मांडी घातली आणि तोंड रंगवायला घेतलं. दशावतारात ज्याचा त्याने आपला चेहरा रंगवायचा, वेगळा मेकपवाला नसतो. सातवीचा तो सगळा वर्ग, जो इतिहासाच्या तासाला बाकाखाली पाय आपटत असतो, तो माशीसारखा चिकटून बसला. पुरुषाच्या गालावरून हात फिरला आणि गाल मऊ झाला. भुवई चढली. नजर बदलली. ओठ रंगवायचे राहिले होते तेवढ्यात घंटा झाली. पस्तीस मिनिटं संपली.

दारात गणिताचे सर उभे. त्यांचा तास. आत अर्धी रंगलेली राणी. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, राणीकडे पाहिलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. लसावि-मसावि त्या दिवशी झाला नाही. गावात त्याबद्दल काही बोललं गेलं का, हे काकींनाच माहीत असणार.

“बोललो एकजण,” काकी म्हणाल्या. “त्याच्या झिलाक गणितात तशेव चारच मार्क पडतत.”

दुसऱ्या फेरीत खरी गंमत झाली. मुलांनी वह्या काढल्या आणि म्हणाली, “सर, डायलॉग लिहून द्या.” त्यांची काय चूक? आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं प्रश्नाखाली उत्तर लिहून देत आलो. पण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी आख्यानाचं कथानक ठरतं, कोण कोणानंतर येणार ते ठरतं आणि मग पेटी-पखवाजाच्या साथीला जो तो आपलं बोलणं तिथल्या तिथे रचतो. राजा काय बोलणार, ते राणीलाही आधी ठाऊक नसतं.

“लिहून दिलं तर तुम्ही पाठ कराल,” ते म्हणाले, “आणि पाठ केलं की समोरचा काय बोलतो ते ऐकणार नाही. एक करा. समोरच्याचा शेवटचा शब्द उचला. त्यावर पाय देऊन आपलं वाक्य चढवा.”

मग सुभद्रेच्या लग्नाचा वाद लावला. बलरामाला जावई हवा दुर्योधन, कृष्णाला हवा अर्जुन. काकींचा नातू बलराम झाला. पहिले दोन शब्द बोलून ‘अं… अं…’ करत उभा राहिला. कृष्ण म्हणाला, “दादा, तुमची बुद्धी गेली कुठे?” बलरामाने डोकं खाजवलं आणि एकदम उसळून म्हणाला, “कुठे म्हणजे? तुझ्याकडे गहाण ठेवली होती, ती तू लोण्याबरोबर खाल्लीस!”

वर्ग कोसळला. गणिताचे सर सगळ्यात मोठ्याने हसले. आता दर मंगळवारी ते मागच्या बाकावर असतात.

“ता सगळा बरां,” काकी म्हणाल्या, “पण घराक येवन काय केल्यान, सांगू? सकाळी घावने मागल्यान. कशे? ‘हे माते, मजला घावनांची आज्ञा होऊ दे!’ आजयेक माते म्हणता मेलो!”

“मग?”

“मगे काय? दोन घावने जास्ती घातलंय.”

*

काकींनी सूप गडग्यावर पालथं घातलं. आता खालच्या आवाजातली बातमी येणार.

“ड्रॉइंगचे सर रुसले असत.”

हे मात्र मला पटलं. त्यांच्या जागी मीही रुसले असते. वर्षभर हा माणूस एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवतो. कला संचालनालयाच्या त्या परीक्षा. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, म्हणून पालकांना एरवी न दिसणारे ड्रॉइंगचे सर त्या महिन्यात देवासारखे दिसतात. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. त्यातच त्यांचं आयुष्य चाललंय. आणि बाहेरून कोणी दोन दिवस येतो, मुलं त्याच्याभोवती गोळा होतात, मुख्याध्यापक त्याच्याबरोबर फोटो काढतात.

गेल्या वर्षी हायस्कूलमध्ये पिंगुळीहून चित्रकथी आले होते, तेव्हाचीच ती जुनी जखम. पिंगुळी आपल्या कुडाळजवळच, एसटीने जाऊन चहाला परत येता येईल एवढी. तिथल्या ठाकर समाजात चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या हे सारं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कागदावरची चित्रं, त्यांची पोथी, आणि एकेक चित्र समोर धरून ती गोष्ट गात सांगायची. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या वाडीत फटाके वाजले होते. आमचा संबंध काय? तर ते आमच्या जिल्ह्याचे, एवढं पुरे.

तर त्या चित्रकथींनी वर्गात आल्या आल्या सांगितलं, “खोडरबर दप्तरात घाला.”

ड्रॉइंगच्या सरांचा जन्म खोडरबरावर गेलेला. ते मागच्या टेबलावर वह्या तपासत बसले होते. वही तपासत आहोत असं दाखवत वर बघायचे, हे मला त्यांच्या वर्गातल्या एका मुलीनेच सांगितलं. चित्रकथींच्या हातातली रेघ एकदा निघाली की परत फिरत नव्हती. डोळा काढला, तो मोठा झाला, तर मुकुट मोठा केला. चुकलेलं पुसायचं नाही, त्याला पुढच्या रेघेने सांभाळून घ्यायचं. तासाभराने सरांनी वह्या बाजूला सारल्या. एक कोरा कागद ओढला आणि मुलांच्या शेजारी बसले.

“मगे रुसले कित्याक?”

“कारण नंतर कोणी त्यांना विचारलंच नाही,” मी म्हटलं. “चित्रकथी दोन दिवसांनी पिंगुळीला गेले. त्यानंतर दर शनिवारी मुलांना बसवून एकेकाकडून एकेक चित्र करवून, अख्ख्या वर्गाची एक पोथी कोणी पुरी केली? सरांनी. वर्तमानपत्रात फोटो कोणाचा आला? मुख्याध्यापकांचा.”

काकींनी मान हलवली. “पावणो विरजण लावन जाता गो बाई. दूध घरचाच लागता.”

मी डी.एड.ला असताना काकी आमच्या प्राध्यापक असत्या, तर मला अध्यापनशास्त्र एवढं कंटाळवाणं वाटलं नसतं.

*

“शाळेत कलाकार येणं काही नवीन नाही, काकी,” मी म्हटलं. ज्ञान सांगायची खोड जात नाही. “सेवाग्रामला गांधीजींची नई तालीमची शाळा होती. तिथे १९४४ साली देवीप्रसाद नावाचे चित्रकार आले. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले. कुंभारकामातही मुरलेले. ते खेड्यातल्या मुलांना कला शिकवत राहिले ते १९६२ पर्यंत.”

“अठरा वर्सां? मगे तो पावणो कसलो? तो घरजावई झालो!”

“आणि पुढे १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतल्या किरण सेठ नावाच्या प्राध्यापकांनी स्पिक मॅके काढली. मोठमोठे गवई, वादक, नर्तक शाळा-कॉलेजांत जाऊन गायचे, नाचायचे, मुलांशी बोलायचे.”

“ते हयसर इले?”

“आपल्या वाडीपर्यंत नाही आले.”

“मगे सोडा.”

“बरं, कायद्याचं ऐका. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा. त्यात लिहिलंय, सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असली की कला, खेळ, कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक हवेत.”

“शंभर?” काकींनी वाडीभर नजर फिरवली. घरं बारा, त्यातली पाच बंद, मुंबईला. “बाई, आमच्या वाडयेत शंभर माणसां खंय असत? चतुर्थीक येतत तेवडीच.”

त्यांचं बरोबर होतं. पट नाही म्हणून निदेशक नाही, निदेशक नाही म्हणून ती कला शाळेत नाही. आणि शाळेबाहेर पडलं की दोन मैलांवर दशावतारी, चार मैलांवर चित्रकथी, सावंतवाडीत लाकडाची खेळणी आणि गंजिफा. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तो डाव आठवीच्या वर्गात मांडला तर गुणाकारही होतो आणि पुराणही. पण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात दिसतं ते सगळं दूरचं.

काकींना एकदम काहीतरी आठवलं. “आमका कोण शिकवूक इल्लो शाळेत? आमीच गेलंव. गणपतीच्या शाळेत.”

हे ऐकल्यावर मी गडग्यावर हात टेकला.

आमच्याकडे मूर्ती जिथे घडते त्या जागेला शाळाच म्हणतात. गणपतीची शाळा. नागपंचमीच्या सुमाराला घरोघरचे पाट तिथे जातात आणि गावातली पोरं संध्याकाळी तिथेच पडीक असतात. आधी नुसतं बघायचं. मग मातीतले खडे काढायला मिळतात. मग माती मळायला. मग ओल्या हाताने मूर्तीची पाठ गुळगुळीत करायला, कारण पाठ कोणाला दिसत नाही. पुढच्या वर्षी एखादा उंदीर. कोणी ‘आता आपण उंदीर कसा करतात ते शिकू’ असं म्हणत नाही. आणि डोळे? डोळ्यांची आखणी शेवटी, शाळेचा मालकच करणार, तेव्हा सगळ्यांनी श्वास धरायचा. तिथे तास नाही, घंटा नाही. माती सुकली की उद्या.

“तुम्ही काय केलंत तिथे, काकी?”

“उंदीर,” त्या म्हणाल्या. “तीन वर्सां. मगे लगीन झाला.”

*

पाऊस भुरभुरायला लागला. काकींनी पदर डोक्यावर घेतला, पण निघाल्या नाहीत. म्हणजे शेवटची बातमी बाकी होती.

“पैशे किती दिले त्येका? सांगा, सांगा.”

“मला कसं माहीत असणार?”

“माका माहीत असा. पेट्रोलचे. आणि शाल. आणि नारळ.” काकी हसल्या. “कोकणातल्या माणसाक नारळ! त्येच्या परड्यात माड मोजूचे झाले तर तुमचा हायस्कूल उनां पडात.”

मला हसू आलं नाही. काकींच्या ते लक्षात आलं. मग सांगावंच लागलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. माझी शाळा पहिली ते सातवी, पट अठ्ठावीस. डिसेंबरात स्नेहसंमेलन. मला वाटलं, यंदा काहीतरी वेगळं करू. दशावतारातल्या एका जाणत्या कलाकाराला बोलावलं. सकाळी दहाची वेळ दिली. तो माणूस रात्रभर जत्रेत उभा होता. पहाटे रंग धुतला आणि न झोपता, दोन एसट्या बदलून दहाला हजर झाला. आणि मी त्याला बाकावर बसवून ठेवलं. पाहुण्यांची भाषणं, अहवालवाचन, बक्षिसं. साडेबारा झाले. त्याच्या वाट्याला वीस मिनिटं आली. डोळे लाल, पण उभा राहिला तेव्हा राजा होता. मग आम्ही शाल पांघरली, फूल दिलं, नारळ दिला. टाळ्या झाल्या.

जाताना तो ऑफिसात आला. नारळ माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, “बाई, नारळ घरात चिकार आसत. ह्यो पोरांच्या आमटीत घाला.”

रागाने नाही बोलला. म्हणूनच ते अजून टोचतं. नारळ दुसऱ्या दिवशी आमटीत गेला. मुलांना आमटी आवडली.

काकी काही बोलल्या नाहीत. तवशाचं पान उगाच उलटंसुलटं करत राहिल्या.

“माझी चूक फक्त पैशाची नव्हती, काकी. डिसेंबर चुकला. कार्तिकीनंतर जत्रा लागतात, त्या पार मे महिन्यापर्यंत. त्या दिवसांत दशावतारी दिवसा माणूस नसतो, सावली असतो. आम्हाला स्नेहसंमेलनाला तो डिसेंबरातच हवा असतो. आणि पावसात? तेव्हा पेटारा माळ्यावर जातो. लावणी आटपली की चतुर्थीपर्यंत हाताला काम थोडं. खेळ नाही म्हणजे नाईट नाही, नाईट नाही म्हणजे पैसा नाही. शाळेला तेव्हा नव्या वर्षाची सुरुवात, मुलं ताजी. दोघांची गाठ पडायची वेळ ती. हायस्कूलने एवढं मात्र बरोबर केलं, श्रावणात बोलावलं.”

“पण नारळ देवन बोलावल्यानी.”

“हो. हंगामात एका खेळाची जी नाईट मिळते, ती पावसात एका दिवसाला शाळेने दिली, तर तो पाहुणा कशाला राहील? पुढच्या श्रावणात आपणहून येईल. मग ड्रॉइंगच्या सरांना आधीच सांगता येईल, कोण कधी येणार, काय करणार. त्याला जागाही पस्तीस मिनिटांची नको. सलग दोन तास द्या, पेटारा उघडायला आणि मिटायला वेळ लागतो. आणि गोष्ट सांगायला नको म्हणावं, त्याचं काम घेऊन यायला सांगा. गणपतीच्या शाळेसारखं. पोरांनी नुसतं बघत बसलं तरी चालेल.”

काकी सूप उलटं करून त्यावरचं पाणी झटकू लागल्या. निर्णय झाला की त्या असंच काहीतरी झटकतात.

“आमची सून पालक-शिक्षक संघात असा. पुढच्या सभेत ती उठतली. तिका मी सांगतंय काय बोलूचा ता.”

“तिला स्वतःला बोलू दे की.”

“बोलतली गो. फक्त तिका सांगूक व्हया, सरांचो शेवटचो शब्द उचल म्हणान.”

मी काही म्हणणार तेवढ्यात काकींच्या घरातून आवाज आला. मोठा, छातीतून काढलेला, ओढून लांबवलेला.

“हे मातेऽऽ! क्षुधेने हा बलराम व्याकुळ झाला आहेऽऽ!”

काकींनी मानही वळवली नाही. सूप काखेत मारलं, आणि तिथूनच, माझ्याकडे बघत, आवाज चढवला.

“व्याकुळ? व्याकुळ झालेल्या राजान आधी बावडीरसून दोन कळशे आणूचे! मगे घावने!”

आत क्षणभर शांतता. मग कळशीचा आवाज.

“काकी!” मी म्हटलं.

“काय काकी?” त्या वळल्या. “तो वर्गात शिकान येता, आणि रातच्याक सगळा माझ्यावर करून बघता. माझी फी कोण देतलो?”

एवढं बोलून त्या निघाल्या. चार पावलांवर थांबल्या, मागे फिरल्या, वेलावरचं तवसं बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, “माटयेक दुसरा बघतंय. ह्या तुमी घेवा. त्या नारळापेक्षा बरां.”